सहकार आणि 'वाल्जा'

'सहकार' हा शब्द शिकवताना मी साखर कारखान्याबरोबर 'पापुन्या तुला'चेही उदाहरण देतो. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातील आदिवासी चित्रकारांची ही संस्था १९७२ची. कायद्याने कंपनी, पण मालकी आदिवासींचीच. किंटोरच्या मूत्रपिंडाच्या रुग्णांना डायलिसिससाठी घरदार सोडून शेकडो किलोमीटर दूर अॅलिस स्प्रिंग्जला राहावे लागे. २००० साली किंटोर व किविरकुरा येथील स्त्री-पुरुषांनी मिळून रंगवलेली चित्रे सिडनीत लिलावात गेली. दहा लाखांहून अधिक डॉलर जमले. पुढे किंटोरमध्येच उपचार सुरू झाले. पिंटुपी भाषेत 'वाल्जा' म्हणजे आप्त. या आरोग्यसंस्थेच्या नावातही तो आहे. सहकाराची व्याख्या सांगण्याआधी मी फळ्यावर हा शब्द लिहितो.