कारखाना टिकतो की पळतो?

प्रश्न : युरोपात सिमेंट कारखान्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड पकडून समुद्राच्या तळाखाली साठवतात, असे वाचले. कडक नियमांमुळे तिथले उत्पादन दुसऱ्या देशांत जाते, ते यामुळे थांबेल का? – एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : थांबायला मदत नक्की होईल, पण एकट्या या तंत्राच्या बळावर ते थांबणार नाही.

युरोपीय संघात २००५ पासून मोठ्या कारखान्यांना सोडलेल्या प्रत्येक टन कार्बन डायऑक्साइडमागे एक परवाना जमा करावा लागतो. परवान्याच्या खर्चाने तिथला माल महागतो आणि असे बंधन नसलेल्या देशांतला माल स्वस्त पडतो. युरोपातले उत्पादन घटते आणि तोच धूर दुसरीकडून निघतो. हीच कार्बन गळती. ती टाळण्यासाठी अशा उद्योगांना बरेच परवाने फुकट दिले गेले. त्याने कारखाने टिकले, पण धूर कमी करण्याची निकडही कमी झाली.

सिमेंटची अडचण आणखी खोल आहे. चुनखडी भाजली की तिचा चुना होतो आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. सिमेंटच्या उत्सर्जनापैकी सुमारे ६० टक्के वाटा या रासायनिक क्रियेचाच असतो. भट्टीचे इंधन कितीही स्वच्छ वापरले तरी तो सुटणारच. म्हणून सिमेंटसाठी वायू पकडणे हा मोजक्या उपायांपैकी एक ठरतो.

नॉर्वेतल्या ब्रेविक इथे २०२५ साली हे काम सुरू झाले. तिथल्या यंत्रणेची क्षमता वर्षाला चार लाख टनांची, म्हणजे कारखान्याच्या सुमारे निम्म्या उत्सर्जनाइतकी आहे. पकडलेला वायू द्रवरूप करून जहाजाने पश्चिम किनाऱ्यावर नेतात आणि नळावाटे समुद्रतळाच्या सुमारे २,६०० मीटर खाली, खडकात सोडतात. कायमच्या साठवलेल्या वायूसाठी परवाना द्यावा लागत नाही. त्यामुळे आहे तिथेच राहून कार्बनचा भार हलका करण्याची वाट कारखान्याला मिळते.

पण पकडणे, द्रवरूप करणे, वाहून नेणे, पुरणे या प्रत्येक टप्प्यावर पैसा आणि ऊर्जा लागते. हा खर्च परवान्यांच्या किमतीहून जास्त असेल, तर कोणता कारखानदार तो करील? आणि केलाच, तर त्याच्या महागड्या सिमेंटसमोर स्वस्त आयात पुन्हा उभी राहील. ब्रेविकचा प्रकल्प उभा राहिला, कारण खर्चाचा मोठा वाटा नॉर्वे सरकारने उचलला.

म्हणूनच युरोपीय संघाने २०२६ पासून सीमेवर कार्बन आकारणी लागू केली आहे. सिमेंट, पोलाद, ॲल्युमिनियम, खते, हायड्रोजन आणि वीज आयात करणाऱ्याला त्यामागच्या कार्बनची किंमत मोजावी लागेल, आणि फुकटचे परवाने २०३४ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद होतील. ही आकारणी युरोपच्या बाजारात आयातीशी होणारी स्पर्धा समान करते. युरोपातून बाहेर विकल्या जाणाऱ्या मालाला मात्र तिचा आधार नाही.

आपल्या पोलाद निर्यातदारांनाही याची झळ बसते. मात्र मालाच्या मूळ देशात कार्बनची किंमत भरलेली असेल, तर ती वजा होते. म्हणजे तोच पैसा भारतात गोळा करून इथल्या भट्ट्या सुधारण्यावर खर्च करता येईल. माझ्या मते आपण हाच मार्ग नेटाने धरावा. कारखाना कुठेही हलवला तरी कार्बनची किंमत चुकत नाही, अशी स्थिती आली तरच गळती थांबेल, आणि वायू पकडण्यावरचा खर्चही सार्थकी लागेल.