ट्रॅक्टर फिरतो, पण पैसा कुठं जातो?



हंगाम सुरू झाला की कसबा बावड्याच्या रस्त्याला ट्रॅक्टरची रांग लागते. त्यातली पुष्कळ वाहने आपल्याच सभासदांची. घरचा ऊस आहेच, जोडीला तोडणी-वाहतुकीचा करार केला की चार पैसे सुटतील, असा मनातला हिशेब. पण हंगाम संपताना ट्रॅक्टरचा हप्ता थकलेला असतो. बिल तर लाखात निघालं, मग पैसा गेला कुठं? मी स्वतः दोन हंगाम या प्रश्नाने झोप घालवली आहे, म्हणून लिहितो.

पहिली चूक आपण बिल हातात आल्यावरच करतो. त्यात तोडणी मजुरी, कमिशन आणि वाहतूक असे तीन पैसे एकत्र असतात. जानेवारी 2024 मध्ये तोडणी दरात 34 टक्के वाढ ठरली. टनाला 273 रुपये 10 पैसे होते ते 366 रुपये झाले. मुकादमाचे कमिशन 19 वरून 20 टक्के झाले, म्हणजे टनाला 73 रुपये 20 पैसे. हे दोन्ही मिळून 439 रुपये 20 पैसे आपल्या खात्यावरून जातात, पण ते टोळीचे आणि मुकादमाचे. आपले फक्त वाहतुकीचे. दर पुढे बदलला तरी रीत तीच. या दोन पैशांना दोन वह्या ठेवा. जमल्यास बँकेत दोन खाती.

आता वाहतुकीचं बघू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत; तुम्ही आपले घाला.

समजा ट्रॅक्टर-ट्रॉलीचा घसारा, कर्जाचे व्याज, विमा आणि ड्रायव्हरचा हंगामाचा पगार मिळून 3 लाख रुपये. हा खर्च ट्रॅक्टर उभा असला तरी बसतोच. डिझेल, टायर, ऑईल मिळून खेपेला 2 हजार. खेप 20 टनांची, वाहतूक दर टनाला 280, म्हणजे खेपेचे 5,600 रुपये. हंगामात 75 खेपा झाल्या तर खेपेवर बसून राहणारा खर्च 4 हजार, वर 2 हजार. एकूण 6 हजार. खेपेला 400 रुपये तोटा, हंगामाला 30 हजार. त्याच ट्रॅक्टरने 100 खेपा केल्या तर खेपेचा खर्च 5 हजारावर येतो, आणि हंगामाला 60 हजार सुटतात. दर तोच, डिझेल तेच. फरक फक्त 25 खेपांचा.

या 25 खेपा कुठे बुडतात? ट्रॉली पंक्चर, फडात चिखल, टोळी एक दिवस बाजाराला, गव्हाणीवर रात्रभर नंबर. नंबर आपल्या हातात नाही. पण टायर, हूक, ट्रॉलीचे ॲक्सल दसऱ्याआधी बघून घेणे हातात आहे. हंगामात वर्कशॉपला गेलेला दिवस म्हणजे बुडालेली खेप.

खरा घाव मात्र उचलीचा. 10 कोयत्यांची टोळी आणि कोयत्याला 80 हजार धरले तर 8 लाख. जुलैला दिले आणि शेकडा 12 ने काढले, तर महिन्याला 8 हजार व्याज. ऑक्टोबरअखेर 32 हजार. पुढे बिलातून उचल फिटत जाते, तेव्हा सरासरी निम्मी रक्कम चार महिने धरा. आणखी 16 हजार. एकूण 48 हजार. वरच्या 60 हजारांतून वजा करा. राहिले 12 हजार! कारखान्याकडून ॲडव्हान्स मिळाला असेल तर त्यावर काय आकारले जाते ते विचारून तेवढे कमी धरा. आणि एक कोयता उचल घेऊन आलाच नाही, तर 80 हजार गेले. साडेसहा वर्षांहून जास्त काळची कमाई एका कोयत्यात.

माझ्यावर ही वेळ आली. मुकादमाला एकाच दमात, रोखीने पैसे दिले. साक्षीला चहाच्या गाड्यावरचा माणूस. हंगाम आला, मुकादम दुसऱ्याच जिल्ह्यात. कागद नाही म्हणून पोलीस ठाण्यात बोलायलाही तोंड नव्हते. त्यानंतर मी शिकलो: करार लेखी, नोटरी केलेला, पैसे बँकेतून आणि तीन टप्प्यांत, शेवटचा टप्पा टोळी गाडीत बसल्यावर, बीड असो की जत, मुकादमाच्या गावी स्वतः जाऊन घर, मजूर बघून यायचे. मागच्या हंगामाची बाकी कुणाची आहे का, हे गावात दोन माणसांना विचारलं तरी कळतं. जाण्यायेण्याचा खर्च होतो, होऊ दे.

टोळीला नेहमी दोष देऊ नये, हेही सांगतो. खोपीला पाणी, उजेड, आजारी बाईला दवाखाना, पोरांची शाळा आणि दर पंधरवड्याला समोर बसून हिशेब, एवढं ज्याने केलं त्याच्याकडे तीच टोळी पुन्हा येते, आणि उचलही कमी मागते.

खुशालीचा विषय टाळता येत नाही. फडातून ड्रायव्हर शेतकऱ्याकडे पैसे मागतो, तो शेतकरी आपलाच सभासद असतो. तोडणी-वाहतूक खर्च त्याच्या एफआरपीतून आधीच वजा झालेला असतो. वर ही खुशाली म्हणजे एकाच कामाचे दोनदा पैसे. ड्रायव्हरला पगार नीट आणि वेळेवर द्या, मग मागू नको म्हणून सांगायला तोंड राहतं.

हंगाम संपल्यावर ट्रॅक्टर झाडाखाली उभा करू नका. खोडव्यात पाचट कुट्टी, रोटाव्हेटर, शेणखत-मळीची वाहतूक, यातून आलेला प्रत्येक रुपया त्या 3 लाखांत वाटला जातो. वहीत मात्र तो वेगळ्या पानावर लिहा, नाहीतर उसाच्या धंद्याचा तोटा त्याखाली झाकला जाईल.