सालईचं तेल पोटात देऊ नकोस

सोलापूर

चि. सोनूस,

परवा मंडईत आक्का भेटल्या. कुंभारीच्या विडी घरकुलातल्या, आपल्याकडे कार्य असलं की पोळ्या लाटायला यायच्या त्या. बोलता बोलता दोनदा थांबल्या, तोंडाला पदर लावून खोकल्या. किती दिवस झाले विचारलं तर म्हणाल्या, "संक्रांतीपासून आहे. पण सोनूताईनं औषध दिलंय की. रोज गरम पाण्यात दोन थेंब घेते." पिशवीतून बाटली काढून दाखवली. तुझीच होती. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर तू स्टॉल लावला होतास, तिथून घेतलेली.

आता होळी आली. एवढ्या दिवसांचा खोकला, आणि त्यावर सालईचं तेल पोटात! त्या रात्री मला झोप लागली नाही.

तुझ्या आईला फोन केला तर ती म्हणते, सोनू असं सांगणारच नाही. तू वाफ घ्यायला सांगितलं असशील, गर्दीत आक्कांनी प्यायचं समजलं असेल, असं मीही मनाला समजावलं. पण मग बाटलीवर तसं लिहायला नको? मी ती उलटसुलट करून पाहिली. 'शुद्ध, नैसर्गिक, सांधे, दमा, खोकला' एवढंच छापलेलं. पोटात घेऊ नये, हे कुठेही नाही.

सोनू, तू रसायनशास्त्र शिकलेली मुलगी आहेस. सालईच्या डिंकात तेलाचा वाटा शेकडा आठ-नऊ. निम्म्याहून अधिक राळ असते, उरलेला बराचसा डिंक आणि पाणी. सांधेदुखीसाठी ज्यांचं नाव घेतात ती बॉसवेलिक आम्लं त्या राळेत असतात. ती जड, वाफेबरोबर उडत नाहीत, ऊर्ध्वपातन झालं की तुझ्या भांड्याच्या तळाशीच राहतात. वर येतात ती थुजीन, पायनीन अशी हलकी, वासाची द्रव्यं. पायनीन तर रंगारी वापरतात त्या टर्पेंटाइनमध्येही असतं. वैद्य शल्लकीची, म्हणजे सालईचीच, गोळी देतात ती राळेची, मापून दिलेली. ते नाव तुझ्या तेलाला लावून कसं चालेल? शिवाय असलं तेल पिताना ठसका लागून श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाला सूज येते. लहान मुलांना तर फारच धोका. आणि आक्कांना आधीच खोकला.

दोन आठवड्यांवर खोकला गेला की थुंकी तपासून घ्यायची, हे आता वस्तीवर आशाताईसुद्धा सांगतात. टीबीच असेल असं मी म्हणत नाही. त्या बाईचा जन्म तंबाखूत गेलाय. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, बोटाला दोरा. हजार विड्या वळून होईपर्यंत ती बारीक धूळ नाकातोंडात जात राहते. त्यानंही असेल. पण तपासल्याशिवाय कळणार कसं? टीबी निघाला तरी बहुतेकांना सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरं वाटतं, सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. उशीर झाला तर त्याच खोलीत निजणाऱ्या नातवंडांचं काय? तुझ्या तेलानं आक्कांचं वाईट होईल, यापेक्षा तुझ्या तेलावर विसंबून त्या दवाखान्यात गेल्या नाहीत, याची मला जास्त धास्ती आहे.

रागावले आहे, पण का ते तुला ठाऊक असावं. तुझ्या आजोबांच्या, म्हणजे आमच्या अण्णांच्या, घरात चार माग होते, तेव्हा मी बीएस्सीला रसायनशास्त्र घेतलं होतं. त्या वेळी सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ नव्हतं, ते झालं 2004 मध्ये. आपली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली. एमएस्सीला कोल्हापूरला जायचं माझ्या मनात पक्कं होतं. त्याच उन्हाळ्यात लग्न ठरलं आणि मी अण्णांसमोर एक शब्द बोलले नाही. ते कदाचित नाहीच म्हणाले असते. पण विचारलं असतं तर निदान त्यांचं 'नाही' तरी माझ्यापाशी राहिलं असतं. अजूनही मागाचा खडखडाट कानावर आला की ते दिवस आठवतात. म्हणून तू तुझं ऊर्ध्वपातनाचं भांडं पहिल्यांदा दाखवलंस, नळीच्या तोंडाशी तेलाचा पहिला थेंब धरलास, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले होते. ते काम एका खोकल्यापायी बदनाम होऊ नये गं.

सुगंधाला मी कमी लेखत नाही. दर गुरुवारी निखाऱ्यावर ऊद टाकला की घर कसं निवतं, हे मला कुणी शिकवायला नको. 'अरोमाथेरपी' हे नाव ज्यानं रूढ केलं, 1937 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं, तो फ्रान्सचा गातफॉसे रसायनशास्त्रज्ञच होता. थकलेल्या माणसाला बरं वाटावं, मन शांत व्हावं, झोप लागावी, एवढं तुझ्या तेलानं साधलं तरी थोडं नाही. तेवढंच सांग. अंगाला लावायचं तर तीस मिलि तिळाच्या तेलात सहा ते बारा थेंब, त्याहून जास्त नको. बाटली गडद काचेची ठेव, तारीख घाल. जुनं तेल हवेनं बिघडतं आणि कातडीवर पुरळ उठवतं. तान्ह्या बाळाजवळ नको, बंद खोलीत दमेकऱ्याजवळ नको. आणि मेळघाटातल्या झाडाचा फोटो पाठवला होतास, साल तासलेली, पिवळसर डिंक ओघळलेला. तुझा व्यापारी खोल घाव घालणाऱ्यांकडून माल घेत नाही ना, तेही विचार. झाड वाळलं की सगळंच संपलं.

आक्कांना मी बाटली बंद करायला सांगितलंय. त्यांना पटलेलं दिसलं नाही. म्हणाल्या, सोनूताईला विचारते. माझ्यापेक्षा त्यांचा तुझ्यावर जास्त विश्वास आहे. तेव्हा आज संध्याकाळीच त्यांना फोन कर, दोन शब्द गोड बोल आणि सिव्हिलमध्ये जायला सांग. सोमवारी मी त्यांना घेऊन जाईन, रांगेत सोबत बसेन. त्यांचा रोज बुडेल, तो मी देईन. तू पैशाचं काढू नकोस.

पत्र वाचून रडत बसू नकोस. तू कुणाचं वाईट चिंतणारी नाहीस, हे मला तुझ्या जन्मापासून माहीत आहे. कुणी काही बोललं तर मावशीकडे पाठव. रविवारी जमलं तर येऊन जा. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी करून ठेवते. येताना कोरी लेबलं घेऊन ये. माझं अक्षर अजून चांगलं आहे, आणि तुझ्या कामात माझा थोडा हात लागावा असं फार दिवसांपासून मनात आहे. आपण दोघी बसून लिहू.

तुझी,
मावशी