आधी ‘केव्हा’, मग ‘कुठे’

आमच्या पद्मिनीत गियर टाकला की खालून ‘टक्’ व्हायचं. पहिल्यात निघताना एकदा, रिव्हर्सला जरा जोरात. गॅरेजवाल्याने आवाज ऐकला आणि इंजिनाचं माउंटिंग बदललं, मग गियरबॉक्सचं. आवाज जागच्या जागी. शेवटी म्हणाला, “काका, डिफरन्शियल गेलंय, खोलायला लागेल.” मी पैसे चुकते केले आणि गाडी घरी आणली.

जुन्या गाडीच्या आवाजापायी खिसा रिकामा होतो तो असा. निदान नंतर, सामान आधी! ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. ही गाडी नुसत्या कानाने ओळखणारे मिस्त्रीही आता कमी होत चाललेत. तेव्हा थोडं तरी आपल्याला कळायला हवं.

कानावर लगेच भरवसा ठेवू नका. पत्रा आवाज कुठल्या कुठे नेतो. कुरकुरतं मागच्या पाट्याचं बुश आणि पुढे बसलेल्याला वाटतं दार वाजतंय. म्हणून आवाज केव्हा येतो ते आधी कागदावर लिहा. गाडी उभी असताना नुसतं रेस केल्यावरही येत असेल, तर चाकं आणि पाटे सुटले. उलट, रिकाम्या सपाट रस्त्यावर वेग धरून क्षणभर न्यूट्रल केलं आणि इंजिन मंदावूनही आवाज चालूच राहिला, तर बहुधा इंजिन सुटलं. (उतारावर हा प्रयोग अजिबात नको.) घूंऽ असा सूर वळणावर वाढत किंवा कमी होत असेल, तर चाकाचं बेअरिंग बघा, आणि ते बघेपर्यंत गाडी काढू नका. अ‍ॅक्सिलरेटर दाबला-सोडला की सूर बदलतो? मग डिफरन्शियलवर संशय घ्यायला हरकत नाही. सकाळी टिकटिक आणि इंजिन तापल्यावर गप्प, असं असेल तर बहुधा एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट फुंकत असतं. तापल्यावरही टिकटिक राहिली, तर टॅपेटचा गॅप तपासून घ्या.

इंजिनातला आवाज हुडकायला जुने मिस्त्री लांब पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवतात आणि मूठ कानाशी धरतात. युक्ती झकास आहे. फक्त फॅन आणि पट्ट्यापासून बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी लांब ठेवा.

आमच्या ‘टक्’ची नोंद सरळ होती: ताण उलटला की एकच ठोका, रस्ता कसाही असो. खड्ड्यात वाजत नव्हतं, म्हणजे शॉकप आणि पाटे नव्हेत. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले, मागची बाजू घोड्यांवर घेतली (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये), गियर न्यूट्रलला ठेवला, हँडब्रेक सोडला. प्रोपेलर शाफ्ट हाताने मागेपुढे फिरवला, तर मागच्या क्रॉसपाशी (युनिव्हर्सल जॉइंटपाशी) एक बाजू आधी हलत होती, दुसरी मागाहून. क्रॉसच्या टोपीभोवती गेरूसारखी तांबूस पूड जमली होती. ग्रीस वाळून आतल्या सुया गंजल्या की ती अशी बाहेर पडते. क्रॉस बदलला. डिफरन्शियलचा एक बोल्टही सोडावा लागला नाही.

ठोका थांबल्यावर त्याच्याखाली दडलेली एक कुईकुई ऐकू यायला लागली, हे ओघाने आलंच. रबरी बुशचा संशय असेल तर एकेका बुशवर थोडं पाणी मारा आणि कुणाला तरी डिकी दाबून गाडी हलवायला सांगा. मी पुतण्याला कामाला लावतो. ज्या बुशवर पाणी पडल्यावर गाडी गप्प होते, तेच वाजतंय. पावसाळ्यात कुईकुई आपोआप जाते ती यामुळेच, गाडी सुधारली म्हणून नव्हे. तिथे इंजिन ऑइल मात्र सोडू नका. चार दिवस शांतता लाभते, पण तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं, मग अख्खं बुशच बदलावं लागतं.