हमामाच्या जागी कॉफी

प्रश्न : आमच्या बुऱ्हाणपुरात टॅव्हर्नियर नावाचा फ्रेंच प्रवासी येऊन गेला होता. त्याच्या काळातलं एखादं हॉटेल पॅरिसमध्ये अजून चालू आहे का? आणि एका हॉटेलचं तिकडे एवढं कौतुक का?
– एक वाचक, बहादरपुर (जि. बुऱ्हाणपूर)

उत्तर : आहे. त्याचं नाव ‘ल प्रोकोप’. ते 1686 मध्ये सुरू झालं, तेव्हा टॅव्हर्नियर हयात होता. तो वारला 1689 मध्ये. 1641 च्या सुमारास बुऱ्हाणपूर पाहिलेल्या या जवाहिऱ्याने तिथल्या आरपार दिसणाऱ्या मलमलीबद्दल भरभरून लिहिलं आहे. ती इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जाते, हेही नोंदवलं आहे. तुमच्या गावाच्या हिशेबाने सांगायचं तर 1681 च्या सुरुवातीला मराठ्यांचे सेनापती हंबीरराव मोहिते यांच्या फौजेने बहादूरपुरा लुटला, त्यानंतर पाचच वर्षांनी पॅरिसमध्ये हे दुकान उघडलं.

मालक मात्र फ्रेंच नव्हता. फ्रान्चेस्को प्रोकोपिओ हा सिसिली बेटावरचा माणूस. एका आर्मेनियन कॉफीवाल्याच्या हाताखाली तो शिकला आणि मग त्याने एक जुना हमाम घेतला, असं सांगतात. बुऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यातला हमाम तुम्ही पाहिला असेलच. छतावरची रंगीत वेलबुट्टी अजून टिकून आहे. प्रोकोपिओने आपल्या जागेत भिंतींना मोठे आरसे लावले, झुंबरं टांगली, संगमरवरी टेबलं मांडली. तोवर कॉफी म्हणजे जत्रेतल्या पालात किंवा कळकट खोलीत प्यायची गोष्ट. इथे ती आरशासमोर बसून प्यायची, सोबत सरबतं आणि बर्फाचे गोड पदार्थ.

आज अशा हॉटेलला ‘रेस्तराँ’ म्हणतात, पण हा शब्द तेव्हा कुठल्या जागेला लावत नव्हते. अंगात ताकद आणणाऱ्या कढणाला तसं म्हणत. आपण आजाऱ्याला मुगाचं कढण देतो, तसं ते मांसाचं. 1760 च्या दशकात पॅरिसमध्ये असं कढण विकणारी दुकानं निघाली आणि पदार्थाचं नाव हळूहळू दुकानाला चिकटलं. त्याआधी खाणावळीत ठरल्या वेळी एकाच मोठ्या टेबलाभोवती बसून पुढे येईल ते खायचं. स्वतंत्र टेबल, हवी ती वेळ, यादीतून निवडलेला पदार्थ, ही सगळी त्यानंतरची चैन.

आता कौतुकाचं कारण. 1689 मध्ये ‘कोमेदी फ्रान्सेझ’ ही नाटकमंडळी अगदी समोरच्या जागेत आली. खेळ सुटला की नट, लेखक, प्रेक्षक रस्ता ओलांडून इथे येत आणि नाटक कसं झालं यावर वाद घालत. पुढे विचारवंत लेखक व्होल्तेर आला, रूसो आला, विश्वकोश रचणारा दिदरो आला. सरदारांच्या दिवाणखान्यातल्या बैठकांना आमंत्रण लागे. इथे एका कपाचे पैसे पुरत. माझ्या मते ही बसण्याची मुभाच कॉफीपेक्षा मोठी ठरली. राज्यक्रांतीच्या दिवसांत दाँतों, मारा, रोबेस्पिएर या क्रांतिकारक पुढाऱ्यांची ऊठबस इथेच होती. तरुण नेपोलियनकडे बिल भागवायला पैसे नव्हते म्हणून त्याने टोपी गहाण ठेवली, असं तिथे सांगतात आणि काचेत ठेवलेली टोपीही दाखवतात.

ते 1686 पासून अखंड चालू आहे, असं मात्र समजू नका. एकोणिसाव्या शतकात त्याला टाळं लागलं होतं. विसाव्या शतकात ते पुन्हा रेस्तराँ म्हणून उभं राहिलं. आज तिथे वाइनमध्ये शिजवलेला कोंबडा मिळतो आणि व्होल्तेरचं म्हणून एक टेबल दाखवतात.

एखादी जागा तिथल्या बोलण्यामुळे मोठी होते, तशी एखाद्या पदार्थामुळे गावाची ओळख दूरवर पोचते. मुंबईत महंमद अली रोडच्या परिसरात रमजानच्या रात्री खव्याची जाड, काळसर जलेबी तळतात, ती बुऱ्हाणपूरच्याच नावावर खपते.

कधी पॅरिसला गेलात तर ओदेओं मेट्रो स्थानकावर उतरा. तिथून चालत दोन-तीन मिनिटांवर ‘रू द लांस्येन कोमेदी’ ही गल्ली आहे. समोरचं नाट्यगृह कधीच हललं, नाव राहिलं. हॉटेलच्या मागे दगडी फरशीचा अरुंद बोळ आहे. तिथेच मारा आपलं वर्तमानपत्र छापत असे.