ऑटोमॅटिक गिअर बॉक्स : उतरवण्याआधी तपासा

मोटार दुरुस्तीच्या धंद्यात आपले पुष्कळ कारागीर आहेत. साध्या गिअरच्या गाडीचा दोष ते आवाजावरून सांगतात. पण आता ऑटोमॅटिक गाड्याही लहान गॅरेजांत येऊ लागल्या आहेत. २०१४ साली मारुतीची सेलेरिओ एएमटीसह बाजारात आली, तेव्हापासून कमी किमतीच्या गाड्यांतही क्लचचे पेडल नाहीसे होऊ लागले. अशी गाडी धक्का देऊ लागली की "गिअर बॉक्स गेला" असे चटकन सांगितले जाते. बॉक्स उतरतो, खुलतो आणि दोष निघतो एखाद्या वायरमध्ये! गिऱ्हाइकाचे पैसे जातात, गॅरेजचे नाव जाते. म्हणून तपासणी क्रमाने करावी.

१) प्रकार ओळखा
ऑटोमॅटिक म्हणजे एकच यंत्र नव्हे. एएमटीमध्ये गिअर बॉक्स व क्लच साधाच असतो. फक्त क्लच दाबणे व गिअर बदलणे ही कामे अॅक्च्युएटर करतो. सीव्हीटीमध्ये दोन पुलींवर स्टीलचा पट्टा असतो. डीसीटीमध्ये दोन क्लच असतात. जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर व क्लच प्लेटांचे संच असतात. एएमटी गाडी गिअर बदलताना किंचित थबकते, सीव्हीटीमध्ये इंजिनाचा आवाज आधी चढतो व वेग मागून येतो. हे त्यांचे स्वभाव आहेत, दोष नव्हेत.

२) गिऱ्हाइकाला विचारा, ट्रायल घ्या
दोष गाडी थंड असताना की तापल्यावर? डीमध्ये की रिव्हर्समध्ये? कोणत्या वेगाला? उत्तरे लिहून घ्या. मग गिऱ्हाइकाला शेजारी बसवून ट्रायल घ्या, म्हणजे तो ज्याला दोष म्हणतो तोच तुम्ही शोधाल.

३) ऑइल पाहा
डिपस्टिक असेल तर गाडी सपाट जागी उभी करून कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे पातळी पाहा. काही गाड्यांत इंजिन चालू ठेवून, तर काहींत बंद करून पाहायची असते. अनेक नव्या गाड्यांत डिपस्टिक नसते. ठराविक तापमानाला लेव्हलचा बोल्ट काढून पाहावे लागते.
ऑइल काळपट व जळका वास येत असेल तर क्लच प्लेटा जळाल्याची शक्यता मोठी. दुधाळ गुलाबी असेल तर रेडिएटरमधील कूलर फुटून पाणी शिरले आहे. फेस असेल तर ऑइल जास्त भरले आहे किंवा हवा खेचली जात आहे. चेंबरच्या चुंबकावर बारीक करडा लेप असतोच, त्याला घाबरू नका; धातूचे तुकडे निघाले तर मात्र आतले काम आहे. सीव्हीटीमध्ये साधे एटीएफ कधीही भरू नका. पट्टा घसरून पुली खराब होतात.

४) बॅटरी व स्कॅनर
बॅटरी कमजोर असेल तर कंट्रोलर खोटे दोष दाखवतो. इंजिन बंद असता १२.६ व्होल्टच्या आसपास मिळाले पाहिजेत. त्यानंतर स्कॅनर लावा. पी०७०० हा कोड फक्त "गिअर बॉक्सच्या कंट्रोलरकडे पाहा" एवढेच सांगतो. स्वस्त स्कॅनर बहुधा तेथेच थांबतो. पी०७१५ म्हणजे इनपुट स्पीड सेन्सरचे सर्किट, पी०७३० म्हणजे गिअरचे प्रमाण जुळत नाही, पी०७४१ म्हणजे कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच नीट धरत नाही. कोड लिहून घेतल्याशिवाय पुसू नका. आणि कोड सर्किटचा असेल तर सेन्सर बदलण्याआधी कनेक्टर व वायरिंग तपासा.

५) बाहेरचे दोष
डी किंवा आरमध्ये टाकताच धक्का बसत असेल तर इंजिनाचे माउंटिंग, ज्याला आपण फाउंडेशन म्हणतो, ते पाहा. मध्यम वेगात गाडी थरथरत असेल तर इंजिनाचे मिसिंग आहे की लॉक-अप क्लचचा दोष, हे आधी ठरवा. लिव्हरची केबल ढिली झाली तरी गिअर नीट लागत नाही. एएमटीमध्ये अॅक्च्युएटरचे ऑइल व क्लचची झीज पाहा. क्लच नवा टाकल्यावर स्कॅनरने त्याचे लर्निंग करावेच लागते.

६) स्टॉल टेस्ट
ही फक्त टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीवर, तीही कंपनीने मनाई केली नसेल तरच करावी. ऑइल गरम असू द्या, चाकांना अडण्या लावा, दोन्ही ब्रेक दाबून धरा आणि गाडीपुढे कोणालाही उभे करू नका. डीमध्ये पूर्ण अॅक्सिलरेटर देऊन आरपीएम पाहा. पाच सेकंदांपेक्षा जास्त नको. नंतर न्यूट्रलमध्ये ऑइल थंड होऊ द्या आणि मग आरमध्ये पाहा. पुस्तकातील आकड्यापेक्षा आरपीएम कमी आले तर इंजिन कमजोर आहे किंवा कन्व्हर्टरचा दोष आहे. दोन्हींकडे जास्त आले तर ऑइलचे प्रेशर कमी असावे. पंप, फिल्टर पाहा. एकाच बाजूला जास्त आले तर त्या बाजूचा क्लच घसरतो आहे.

एवढे झाल्यावरच बॉक्स उतरवण्याची गोष्ट काढा. काय सापडले व खर्च किती येईल, हे कागदावर लिहून गिऱ्हाइकाची संमती घ्या. ज्याचा बॉक्स विनाकारण न उघडता गाडी सुरळीत झाली, तो गिऱ्हाईक पुढच्या वेळी आणखी दोघांना घेऊन येतो.