पैठणीच्या दालनातील दिवे

प्रश्न : येवल्यातील आमच्या पैठणीच्या दुकानासाठी प्रकाश कमीजास्त करता येणारे ट्रॅक लाइट कसे निवडावेत?

उत्तर : दिव्याच्या डौलाआधी त्याच्या ड्रायव्हरची, म्हणजे एलईडीला वीज पुरविणाऱ्या घटकाची, चौकशी करावी, कारण भिंतीवरील डिमर आणि ड्रायव्हर यांची पद्धती एक नसेल, तर प्रकाश मंद होताना थरथरू लागतो; जुन्या तारदिव्यांचा डिमर एलईडीच्या अल्प भारावर बहुधा असाच दगा देतो. दालन मोठे असल्यास 64 उपकरणांपर्यंत स्वतंत्र हुकूम पोहोचविणारी डाली पद्धती घ्यावी. सीआरआय हा रंगनिष्ठेचा निर्देशांक 90 हून कमी नसावा, आणि तांबड्या रंगाचा आर9 हा आकडा निराळा मागावाच. तो हीन असला की लाल काठ मलूल दिसतो, आणि विणकराच्या महिनोन्महिन्यांच्या श्रमांवर होणारा हा अन्याय मला सोसवत नाही. खरेदीपूर्वी एक दिवा आणून, रात्री पदराच्या जरीवर मंद करून पाहावा.